अकरा फुटी मूर्ती, शाडूची

कोल्हापुरात राहून आपल्याला पोहता येत नाही हे कबूल करणं फार अवघड आहे. लोक आधी हसतात, मग आडनाव विचारतात, आणि शेवटी "मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?" असं विचारून तुम्हाला जिल्ह्याबाहेर काढतात. म्हणून मी ते कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच नाही, कारण आमचं लग्नच मुळी माझ्या पोहण्यावर ठरलं होतं.

माझे सासरे भरमाप्पा शिरोळकडचे. दर तीन-चार वर्षांनी नदी त्यांच्या अंगणात मुक्कामाला यायची. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. पोह्यांची बशी पुढं सरकवून एवढंच विचारलं, "पावणं, पवाय येतंय न्हवं?" मी तोंड उघडायच्या आत माझे काका म्हणाले, "येतंय म्हंजे? पंचगंगेचा पूर ह्या काठानं त्या काठाला मारतोय की!" मी मान खाली घातली. ती लाजेनं घातली होती, पण तिथं सगळ्यांनी तो विनय मानला. संयोगितानं आतूनच होकार कळवला. त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी रंकाळ्याला सर्दी घेऊन गेलो, गणपतीपुळ्याला पाय मुरगळून गेलो आणि गोव्याला कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो. पाण्यात उतरायची वेळ मात्र येऊ दिली नाही.

आणखी एक सांगायला हवं. मी शाळेत भूगोल शिकवतो. नदीची कार्ये तीन: खनन, वहन आणि संचयन. चोवीस वर्षं ती मी फळ्यावर कोरड्या खडूनं शिकवली आहेत, आणि माझ्या तब्येतीला ते उत्तम मानवलं होतं.

तर अशा सुरळीत संसारात आमच्या वरच्या मजल्यावरचा धवल दोन कयाक घेऊन आला. धवलचं फरशीचं दुकान आहे. फरशीवाल्या माणसानं जमिनीवर समाधानी असावं अशी माझी समजूत होती. पण तो हिमालयात कुठंतरी जाऊन उसळत्या पाण्यातून नाव चालवायला शिकून आला, तीन वर्षं दर सुट्टीला तेच करत राहिला, आणि त्यानं एका रविवारी कसबा बावड्यातल्या आमच्या पार्किंगमध्ये जीपच्या टपावरून दोन लांबट, चिंचोळ्या प्लॅस्टिकच्या नावा उतरवल्या. एक आठ फुटी, एकट्याची. दुसरी अकरा फुटी, दोघांची.

"सर, वहिनी, पुढच्या महिन्यात धरणाचं पाणी सुटलं की राधानगरीच्या बाजूला जाऊया," तो म्हणाला. "खडकातनं पाणी असलं पांढरंफेक उसळतंय, नाद खुळा!"

मी कान चोळायला लागलो. कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात होतीच. पण संयोगिताचा चेहरा बघितला आणि माझा हात कानावरच थांबला. बाईच्या डोळ्यांत असा उजेड मी मुलीच्या जन्मानंतर पहिल्यांदा बघत होतो.

"जाऊया की!" ती म्हणाली. "मला पवाय येत न्हाई, पण हे हाईत की मागं बसाय. मला कसली भीती?"

आमची अदिती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मी शूटिंग करतो." आमच्याकडे मुली 'करतो'च म्हणतात, त्याला इलाज नाही. एकूण माझ्या घरातली तीनपैकी दोन मतं पडली आणि विषय मंजूर झाला.

सराव राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी शांत असतं तिथं सुरू झाला. पाण्यावर लाइफ जाकीट सक्तीचं होतं, हे त्यातल्या त्यात बरं. मी नियमांचा मोठा भोक्ता असल्याचं जाहीर करून ते घरूनच घालून निघायचो. केशरी जाकीट घालून, वरचा पट्टा हनुवटीपर्यंत आवळून मी स्कूटरवरून बावड्याच्या मुख्य रस्त्यानं जात असे. दूधवाल्यानं एकदा थांबून विचारलं, "सर, पूर यायलाय व्हय?" त्या दिवशी गल्लीत दोघांनी गाड्या उंचावर नेऊन लावल्या.

संयोगिता चार दिवसांत शिकली. वल्ह्याचं एक पातं डावीकडे, एक उजवीकडे, कंबर सैल, नजर पुढं. ती नाव अशी वळवायची की काठावरची म्हैस धुणारी माणसं हात थांबवून बघत. नवव्या दिवशी तर तिनं धवलची एकट्याची नाव मागून घेतली आणि बंधाऱ्यापर्यंत जाऊन आली. मी शिकलो नाही. माझं सगळं लक्ष बुडत नाही ना याच्याकडे असल्यामुळे नाव कुठं चालली आहे हे बघायला वेळच मिळत नसे.

एकदा मी ठरवलं की आपण कोरड्यावर सराव करावा. दुपारी पार्किंगमध्ये कोणी नाही असं बघून मी एकट्याच्या नावेत बसलो. बसलो तो बसलोच. कमरेचा भाग आत गेला होता, तो बाहेर येईना. अर्धा तास मी सुटायची खटपट केली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या बाळाबाई आल्या. बाळाबाईंना प्रत्येक गोष्टीवर उपाय माहीत असतो, आणि तो त्या बेंबीच्या देठापासून ओरडून सांगतात.

"अगं बया! सर अडकलं! शेंगतेल आना, शेंगतेल!"

पाच मिनिटांत अख्खी इमारत पार्किंगमध्ये जमली. कोणी म्हणालं श्वास सोडा, कोणी म्हणालं श्वास धरा, एकानं गरम पाणी सुचवलं आणि एका निवृत्त फोरमननं करवतीनं नाव कापायचा प्रस्ताव मांडला. धवलनं तो हाणून पाडला, सरांपेक्षा नाव महाग आहे असं म्हणून. शेवटी अर्धा किलो शेंगतेल आणि चार माणसं लागली. मी बाहेर आलो तेव्हा टाळ्या पडल्या. वर्गात मी शिरलो की चाळीस मुलं उभी राहतात, हे त्या क्षणी तिथं कोणालाच सांगून उपयोग नव्हता.

मग परवानगी. नदीत उतरायचं तर कागद पाहिजे, असं कोणीतरी धवलच्या डोक्यात भरवलं. ज्या कार्यालयात आम्ही गेलो त्याचं नाव मी घेत नाही, कारण तिथल्या टेबलावरचा जोतीराम हा मनानं फार चांगला माणूस होता.

"इंजिन हाय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मासं धरनार?"

"नाही."

"वाळू?"

"छे, छे!"

"पल्याड जायाचं हाय?"

"पलीकडे नाही, खाली जायचंय," धवल म्हणाला.

"खाली काय हाय?"

"काही नाही. परत वर यायचं, आणि परत खाली."

जोतीरामनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुमी शिक्षक मानूस. तुमीच सांगा. मग पान्यात जाताय कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतःला तोच प्रश्न महिनाभर विचारत होतो.

अडचण संगणकाची होती. त्यात मासेमारी, वाळू, पाणीउपसा आणि मूर्ती विसर्जन एवढेच पर्याय होते, आणि त्यातला एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. माघी गणपतीचे दिवस होते. जोतीरामनं थोडा विचार केला आणि विसर्जनावर टिचकी मारली. "वस्तू पान्यात जाती न्हवं? झालं की! मूर्ती किती?"

"दोन," धवल म्हणाला. "एक अकरा फुटी, एक आठ फुटी."

"कशाच्या?"

"प्लॅस्टिकच्या."

"नामंजूर हुतंय. शाडू लिवतो." मग मंडळाच्या जागी आमच्या इमारतीचं नाव आलं आणि अध्यक्ष म्हणून माझी सही. आम्ही शिक्क्याचा कागद घेऊन उड्या मारतच बाहेर पडलो. त्याची एक प्रत ज्या वाडीत नाव सोडायची तिथल्या पोलीस पाटलांना आपोआप जाते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी आठला आम्ही राधानगरीच्या रस्त्यावरच्या त्या वाडीत पोचलो. आधी पाण्याचा आवाज आला. मग वळण घेतल्यावर नदी दिसली, आणि मी जाकिटाचा पट्टा आणखी आवळला. दोनशे-तीनशे पावलं लांबीच्या काळ्या खडकांतून पाणी उड्या मारत, फेस काढत खाली येत होतं आणि शेवटी एका हिरव्यागार डोहात शांत होत होतं. संयोगितानं माझा दंड घट्ट धरला. "अहो, बघा की!" ती म्हणाली. तिचा आवाज आनंदानं कापत होता. माझाही कापला असता, पण निघाला नाही.

डोहाच्या काठावर साठ-सत्तर माणसं उभी होती. हलगी होती, गुलाल होता, बायकांच्या हातात आरतीची ताटं होती. पुढं एक धिप्पाड बाई शिक्क्याचा कागद घेऊन उभ्या होत्या. त्या पोलीस पाटील, तानाबाई.

"आलासा? मूर्ती कुठं हाय?"

धवलनं जीपच्या टपाकडे बोट केलं. तानाबाईंनी अकरा फुटी नावेवर बोटानं टकटक केलं. "ही शाडू न्हवं. अध्यक्ष कोन?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आमच्या घरच्यांनीसुद्धा. मी जाकिटाचा पट्टा सैल केला आणि संगणकाची सगळी कथा सांगितली. तानाबाईंनी ती शांतपणे ऐकली.

"त्ये समदं खरं," त्या म्हणाल्या. "पर कागदावर विसर्जन हाय आनि सही मला करायची हाय. पोरं पाटंपास्नं हलगी तापवून बसल्यात. आता मोकळ्या हातानं माघारी जायाचं का त्यांनी? विसर्जन हुनार! मूर्ती कंची ती तुमी ठरवा."

मागून कोणीतरी म्हणालं, "सरच हाईत की! पोट बघा!"

मग जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. मला आणि संयोगिताला नावेत बसवलं, गळ्यात झेंडूचे हार घातले, डोक्यावर गुलाल टाकला आणि आरती झाली. आठ जणांनी आम्हाला नावेसकट खांद्यावर घेतलं आणि हलगीच्या तालावर नाचवत उताराच्या वरच्या तोंडाला नेलं. बाहेर उडी मारायची सोय नव्हती, कारण मी पुन्हा अडकलो होतो. संयोगिता पुढं बसून खो खो हसत होती. धवल आपल्या नावेतून आधीच खाली उतरून गेला होता, पण हलगी-गुलालाशिवाय गेल्यामुळे ते विसर्जनात धरलं नव्हतं, आणि त्याचे दोन मित्र दोरी घेऊन डोहाशी थांबले होते. अदिती एका खडकावर मोबाईल धरून उभी होती. गुलालामुळे मी पांढरा पडलेला कोणाला दिसला नाही.

नाव पाण्यात सोडली. वरचं पाणी संथ होतं. पन्नासेक पावलांवर नदी एकदम दिसेनाशी होत होती, म्हणजे उतार तिथून सुरू होत होता. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर फार उशीर होईल. मी भला नव्हे, भेदरलेला माणूस होतो, पण खरं बोलायला तेवढं पुरतं.

"संयोगिता! मला पोहता येत नाही!"

"काय?"

"पोहता! येत! नाही!"

ती मागं वळली. तिचं वल्हं क्षणभर हवेत थांबलं, आणि तेवढा क्षण नदीला पुरला. नाव गर्रकन फिरली आणि आम्ही उलटे खाली निघालो.

पुढचं दीड मिनिट मी नदीची तिन्ही कार्ये एकदम अनुभवली. पाठीमागून खडक येत होते, ते मला दिसत नव्हते, फक्त अंगाला कळत होते. पाणी तोंडात, नाकात, कानात. डॉक्टर म्हणाले असते, बघा, मी चिठ्ठी दिली होती. संयोगिता ओरडत होती, "डावीकडं! डावीकडं मारा!" आणि मी मारलं. बापजन्मात पहिल्यांदा माझं वल्हं बरोबर जागी पडलं आणि नाव सुलटी झाली! समोर सगळं पांढरं पाणी, मधोमध काळी वाट, आणि आम्ही त्या वाटेवरून धडधडत सुटलो. मी ओरडत होतो. पण भीतीनं ओरडायचं कधी संपलं आणि मजेनं ओरडायला कधी लागलो ते मला अजून कळलेलं नाही. "आणखी! आणखी!" असं कोणीतरी किंचाळत होतं, तो मीच होतो असं अदितीच्या शूटिंगमध्ये नंतर दिसलं.

शेवटच्या उडीला नाव कलंडली. मी नावेतून सुटलो, शेंगतेलाशिवाय. जाकिटानं मला वर आणलं, दोरीनं काठाला ओढलं. संयोगिता दोरी धरून त्याआधीच बाहेर येऊन बसली होती. काठावर मोरयाचा गजर झाला. तानाबाईंनी कागदावर खूण केली आणि त्या म्हणाल्या, "एक झाली."

लोक नाचत होते. मी जाकीट उतरवून संयोगिताच्या शेजारी जाऊन बसलो. ती पाण्याकडे बघत होती.

"म्हंजे पूर मारला ते..."

"काका बोलले होते. मी नाही."

"आणि तुम्ही गप्प बसला."

"हो."

तिनं गळ्यातला ओला हार काढून बाजूला ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "२०१९ ला पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला आलं तवा मी काय करत होते, आठवतंय? लाडू वळत होते. बाळाबाई रडत होत्या, सगळी इमारत रडत होती. मी का रडले न्हाई, म्हाईत हाय?"

मला माहीत होतं. त्या दुपारी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून थरथरत बसलो होतो. घरात सांगितलं होतं, पाण्यावर लक्ष ठेवून आहे.

"तुम्ही हाईसा म्हणून," ती म्हणाली. "बावीस वर्षं मला कशाची भीती वाटली न्हाई. फुकटच की सगळं."

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, पण त्या सकाळी तसं काही केल्यासारखं मला वाटलं. माफी मागायला तोंड उघडलं तर आतून पाणीच आलं. ती उठली. साडीऐवजी ती त्या दिवशी ट्रॅकपँट घालून आली होती, ती तिनं घोट्याशी नीट दुमडली, जाकिटाचे पट्टे आवळले आणि ती धवलच्या नावेजवळ गेली.

"दुसरी मूर्ती राहिलीय न्हवं?" ती तानाबाईंना म्हणाली. "मी जाते. एकटी."

"वहिनी, मी येतो मागनं," धवल म्हणाला.

"मागं कोणी नको. आता मागं कोणी असलं तरी मला खरं वाटायचं न्हाई." धवलनं तिच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि होकाराची मान डोलावली. ती नाव तिच्या हातात बसली होती, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

आठ जणांनी तिलाही वर नेलं. या वेळी ती हसत नव्हती. मी काठानं चालत सुटलो, मग पळत सुटलो, दगडांवरून घसरत. ती उताराच्या तोंडाशी आली तेव्हा किती लहान दिसत होती! हलगी जोरात वाजत होती, लोक शिट्ट्या मारत होते, आणि ती पांढऱ्या पाण्यात शिरली.

पहिल्या खडकाला ती डावीकडून गेली. दुसऱ्याला उजवीकडून. मी पळत परत डोहापाशी आलो. शेवटच्या उडीखाली जिथं आम्ही कलंडलो होतो ती जागा समोरच होती, आणि मला एवढंच सुचलं की ती तिथं पडली तर जवळ कोणीतरी असलं पाहिजे. जाकीट कुठं टाकलं होतं ते आठवलं नाही. मी पाण्यात उतरलो. गुडघे, मांड्या, कंबर. थंडीनं श्वास अडकला. पायाखालचे गोटे सरकत होते. "ओ सर!" धवल ओरडला. पाणी छातीला आलं आणि मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो. हात पसरून नक्की काय करणार होतो हे मला कोणी विचारलं असतं तर जोतीरामसमोर झालं तेच झालं असतं.

ती आली. फेसातून आधी वल्ह्याचं पातं, मग केशरी जाकीट, मग तिचा चेहरा. शेवटच्या उडीला नाव हवेत उचलली गेली, आपटली, कलली, आणि तिनं कमरेच्या एका झटक्यानं ती सरळ केली! सगळी वाडी ओरडली. ती आनंदानं किंचाळली, तिनं वल्हं डोक्यावर धरलं, आणि तेवढ्यात तिला मी दिसलो.

"अहो!" तिचा आवाज त्या खडकांत घुमला. हलगी थांबली. "अहो, भाईर व्हा! भाईर व्हा पयलं! तुम्हाला पवाय येत न्हाई!"

साठ-सत्तर माणसांनी ऐकलं. तानाबाईंनी ऐकलं, धवलनं ऐकलं, आणि अदितीच्या मोबाईलनं ऐकलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत कसबा बावडा ऐकणार होता. कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

मी हललो नाही. पायाखालचे गोटे सरकून पाणी गळ्याशी आलं होतं, आणि माझी बायको जीव तोडून वल्हं मारत थेट माझ्याकडे येत होती.